वर्गाध्यापनासाठी शैक्षणिक सॉफ्टवेअरची निवड : काही निकष

प्रस्तावना :

महाविद्यालयात शैक्षणिक सॉफ्टवेअर बहुधा दरपत्रकाच्या वाटेने येते. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवितो, पडद्यावर रंगीत चित्रे हलतात आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी खरेदी पूर्ण होते. ज्या अध्यापकाला ते वर्गात वापरावयाचे असते त्याचे मत सर्वांत शेवटी विचारले जाते. पुष्कळदा विचारलेच जात नाही. वस्तुतः निवडीची सुरुवात पाठातून व्हावयास हवी. कोणत्या घटकापाशी विद्यार्थी अडखळतो, हा पहिला प्रश्न होय. बाजारात काय उपलब्ध आहे, हा त्यानंतरचा.

आशय आणि विद्यार्थ्याची कृती :

विद्युत परिपथ हा घटक उदाहरणादाखल घेता येईल. पदवीच्या प्रथम वर्षातही अनेक विद्यार्थ्यांची अशी समजूत असते की, विद्युतधारा दिव्यात खर्च होते व दिव्यापलीकडे कमी उरते. ओहमचा नियम तोंडपाठ असूनही ही समजूत टिकून राहते. या घटकावरील ध्वनिचित्रफितीत निवेदक बोलतो व विद्यार्थी पाहतो. फळ्याची जागा पडद्याने घेतली, इतकाच फरक. याउलट, नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील सिम्युलेशन विद्यार्थ्याच्या हाती घट, तारा, दिवे आणि अमीटर देते. दिव्याच्या अलीकडे व पलीकडे अमीटर जोडला की दोन्ही ठिकाणी सारखेच वाचन मिळते. विद्यार्थ्याने आपला अंदाज आधी वहीत लिहिला असेल, तर तो स्वतःच्याच अंदाजाशी वाद घालू लागतो. मात्र तो अंदाज लिहून घेण्याचे काम अध्यापकाचेच आहे.

याच विद्यापीठातील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिम्युलेशनवर परिपथ शिकलेले विद्यार्थी संकल्पनात्मक प्रश्नांतच नव्हे, तर प्रत्यक्ष परिपथ जोडण्यातही प्रयोगशाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरले. म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लावावे, असा अर्थ कोणी काढू नये. सैल जोडणी आणि गंजलेला स्विच यांच्याशी झगडण्याचे शिक्षण तेथेच मिळते. शिवाय तारेतील असंख्य इलेक्ट्रॉनांची गती प्रत्यक्षात अत्यंत मंद असते; पडद्यावर मोजकेच ठिपके ठळकपणे धावताना दिसतात. प्रत्येक सिम्युलेशन काही दाखविते आणि काही झाकते. काय झाकले आहे हे अध्यापकाला सांगता येत नसेल, तर ते त्याने वर्गात नेऊ नये.

टिकाऊपणा व भाषा :

३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि फ्लॅशवर बेतलेल्या असंख्य पाठांच्या सीडी निरुपयोगी झाल्या. आशय चुकला नव्हता. तो उघडणारे साधन उरले नाही. ‘फेट’लाही आपली जुनी सिम्युलेशन्स एचटीएमएल-५ मध्ये नव्याने बांधावी लागली. त्यांची धारिका एकदा उतरवून घेतली की ती इंटरनेटशिवाय चालते; वीज व जोडणी यांचा भरवसा नसलेल्या ग्रामीण महाविद्यालयास हा गुण आकर्षक चित्रांहून मोलाचा आहे. त्यामुळे धारिकेचे स्वरूप, सुधारित आवृत्तीची हमी आणि परवान्यातील संगणकांची संख्या यांची लेखी विचारणा खरेदीपूर्वीच करावी. गणितासाठीचे ‘जिओजेब्रा’ शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य असताना त्याच कामाचे महागडे सॉफ्टवेअर घेण्यास सबळ कारण हवे.

मराठी अनुवाद उपलब्ध असल्यास पारिभाषिक संज्ञा पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहाव्यात. पुस्तकात ‘विद्युतधारा’ आणि पडद्यावर ‘विद्युत प्रवाह’ असेल, तर विद्यार्थी या दोन वेगळ्या राशी समजण्याचा संभव असतो.

वर्गातील चाचणी :

माहितीपत्रकातील दाव्यांपेक्षा एका तुकडीवरील चाचणी अधिक विश्वसनीय असते. एकच घटक घ्यावा, तासापूर्वी व तासानंतर तेच पाच प्रश्न विचारावेत आणि संगणक सुरू होऊन प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत किती मिनिटे गेली याची नोंद ठेवावी. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासिकेत पंधरा मिनिटे लॉगिनमध्ये जात असतील, तर उत्तम सॉफ्टवेअरही त्या वर्गासाठी अयोग्यच होय. अशा चाचणीसाठी विक्रेता पंधरा दिवसांची मुदत देण्यास तयार नसेल, तर दरपत्रक परत पाठवावे.