आडनावे, उत्तर कोकणातील

व्यक्तीचे नाव व तिच्या वडिलांचे नाव यांनंतर लावण्यात येणारे कुटुंबदर्शक उपनाव म्हणजे आडनाव. मूळ नावाच्या बाजूचे, जोडनाव, असा त्याचा शब्दार्थ असून कन्नडमधील ‘अड्डहेसरु’ हा शब्दही याच घडणीचा आहे. वसईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, मराठी, गुजराती व पोर्तुगीज अशा तीन परंपरांची आडनावे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. आडनाव कळले की जात व मूळ कळले, असा सार्वत्रिक समज आहे. या किनाऱ्यावर तो फारसा टिकत नाही.

स्थिर व वंशपरंपरागत आडनाव सर्व समाजांत रूढ होण्याची घटना अलीकडची आहे. मराठी अमलातील कागदपत्रांत माणसाची ओळख पुष्कळदा ‘बिन’ किंवा ‘वलद’ हे शब्द घालून बापाच्या नावाने, आणि असल्यास हुद्द्याने वा वतनाने दिलेली असते. पेशव्यांचे आडनाव भट. तथापि पहिला बाजीराव आपल्या नावापुढे वडिलांचे ‘बल्लाळ’ हे नाव लावी. ब्रिटिश अमदानीत जमीनमोजणी, न्यायालये, शाळा व नोकऱ्या यांच्या नोंदवह्यांत प्रत्येकाला ठराविक आडनाव असणे सोयीचे ठरले आणि त्या वेळी जे सांगितले वा लिहिले गेले, तेच पुढील पिढ्यांना चिकटले. सख्ख्या भावांच्या शाखांची आडनावे वेगळी आढळतात, त्याचे एक कारण हे होय.

हुद्द्यावरून आलेली आडनावे या भागात विपुल आहेत. ‘पाटील’ हा शब्द ताम्रपटांतील ‘पट्टकिल’ याचे रूपांतर होय. आगरी, कोळी, भंडारी, वाडवळ, कुणबी अशा अनेक समाजांत तो आडनाव म्हणून आढळतो. कारण पाटीलकी ज्या घराण्याकडे होती त्याचे तो मूळचा निदर्शक, जातीचा नव्हे. वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली, आडनाव मात्र राहिले. ‘म्हात्रे’ याचा संबंध ‘महत्तर’ (गावातील वडीलधारा मुखत्यार) या शब्दाशी, तर ‘राऊत’ याचा ‘राजपुत्र’ या शब्दाशी जोडतात. नौकेच्या प्रमुखास तांडेल म्हणतात. हे आडनाव पालघरच्या मच्छीमारांप्रमाणेच दमण व वलसाडकडील मच्छीमारांतही आहे, कारण समुद्रावरील हुद्द्याला प्रांताची सीमा नसते.

ग्रामनामास ‘कर’ हा प्रत्यय लागून झालेली आडनावे महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. अशा आडनावाचे मर्म असे, की ते बहुधा गाव सोडल्यावर पडते. नवापुरात राहणाऱ्यास त्याच गावात नवापूरकर म्हणण्याचे प्रयोजन नसते. ते परगावी उत्पन्न होते. म्हणून एखाद्या ‘कर’ आडनावावरून त्या गावी तेच आडनाव असलेली घरे शोधू जाणारा बहुधा निराश होतो. शिवाय गावांची नावे एकाहून अधिक ठिकाणी असतात : नवापूर हे बोईसरनजीक आहे, तसेच नंदुरबार जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाणही आहे, माहीम केळव्याजवळचे आणि मुंबईचेही. रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांचे मूळ आडनाव चव्हाण. अर्नाळकर हे त्यांनी लेखनासाठी घेतलेले नाव वाचकांच्या तोंडी इतके बसले, की मूळ आडनाव मागे पडले. मराठीत ‘कर’ तेथे पारशी व गुजराती परंपरेत ‘वाला’ येतो. मुंबईत १९५१ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयास ज्यांचे नाव दिले गेले, त्या तारापोरवाला कुटुंबाचे आडनाव तारापूरचेच स्मरण देते.

वसई १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. या काळात ख्रिस्ती झालेल्या स्थानिक कुटुंबांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे मिळाली. लोपीस, परेरा, डिमेलो, घोन्साल्विस ही आडनावे धर्मांतराची साक्ष देतात, पोर्तुगीज रक्ताची नव्हे. ही कुटुंबे भाषेने व चालीरीतींनी इथलीच आहेत.

आडनाव व कुळ यांत भेद करावा लागतो. माहीम परिसराचा इतिहास सांगणारी, अनेक हातांनी व निरनिराळ्या काळी लिहिलेली महिकावतीची बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांची तीत माहिती आहे. परंतु कुळांच्या अशा याद्यांत अभिमानाचा भाग मोठा असल्याने आजच्या आडनावांशी त्यांची सरळ जुळणी करणे धाडसाचे होय. विवाहसंबंध ठरविताना पाहिले जातात ते गोत्र, देवक वा कुळ. केवळ आडनाव नव्हे. या दृष्टीने कोरियाची तुलना उद्‌बोधक आहे. तेथे किम, ई व पाक या तीनच आडनावांत सु. ४५ टक्के लोक येतात, म्हणून वंशाचे मूळ स्थान आडनावाला जोडून (उदा., किमहेचे किम) कुळ ओळखतात. एकाच आडनावाच्या व एकाच मूळ स्थानाच्या स्त्री-पुरुषांच्या विवाहावरील बंदी तेथील घटनात्मक न्यायालयाने १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरविली. आपल्याकडे स्थानच आडनाव झाले. तेथे ते आडनावाचे विशेषण राहिले.

आदिवासी समाजांतही नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही तीनपदरी रीत रूढ झाली आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे नाव त्याचे उदाहरण होय. या रीतीत आईला स्थान नव्हते आणि विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलत. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाची शासकीय कागदपत्रांतील नोंद स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने करावयाची आहे.