चाकवत कुणाचा?

सकाळी ८.१५
आग्रा रोडवरून जीप जयपूरजवळच्या बस्सीत शिरते तेव्हा नोव्हेंबरचं धुकं अजून पिकांवर असतं. आमच्या शेतावर काम करणाऱ्या आठ दिव्यांगांपैकी सहा जण उतरतात, दोघे वडिलांच्या मोटरसायकलवरून येतात. धाकटा २१चा, थोरले ४४चे. थोरल्यांपेक्षा मी लहान, तरी ते मला 'जीजी' म्हणतात.

८.३०
पाटीवर चित्रं लावलेली असतात: झारी, खुरपं, टोपली, हौद. ज्याने त्याने आपलं चित्र काढून खिशात ठेवायचं. धाकट्याला फेफरं येतं, म्हणून हौदाचं चित्र त्याला नाही. तो रोज त्यालाच हात घालतो. आम्ही रोज नाही म्हणतो आणि हातात नळी देतो.

९.००
पेरणी. गाजराचं बी इतकं बारीक की चिमटीत राहत नाही. वाळूत कालवून भुरभुरवतो. ज्यांची बोटं ऐकत नाहीत त्यांच्यासाठी वाटाणा. लाकडी पट्टीला चार-चार बोटांवर भोकं पाडलीत, एका भोकात एक दाणा. थोरल्यांना पाचच्या पुढे मोजता येत नाही, पण त्यांची ओळ माझ्या ओळीपेक्षा सरळ येते. एकाला चिखल अजिबात सहन होत नाही, त्याला स्वमग्नता आहे. दोन हिवाळे झाले, अजून हातमोजे घालूनच वाफ्यात बसतो. आम्हीच हट्ट सोडला.

१०.३०
खुरपणी, म्हणजे दिवसातला सगळ्यात गोंधळाचा तास. इथे रब्बीत बथुआ माजतो, गव्हातलं तण म्हणून शेतकरी त्याच्यावर चिडलेले. मी पहिल्यांदा पाहिला आणि म्हटलं, अरे, हा तर आपला चाकवत! ताकातला, लसणाची फोडणी दिलेला. तेव्हापासून उपटलेला बथुआ वेगळ्या टोपलीत जातो.

मागच्या आठवड्यात मात्र एकाने खुरपणी समजून मेथीचा अख्खा वाफा उपटला. बोटभर उंचीची रोपं. तो रडवेला झाला, मी मनातून चिडले. मग आठवलं, मुंबईत हीच कोवळी मेथी 'समुद्रमेथी' म्हणून पैसे मोजून घेतात. मुळं धुतली, जुड्या बांधल्या, विकल्या. हिशेबाच्या वहीत 'नुकसान' लिहायचं राहून गेलं.

१२.३०
बाजरीची रोटी, गूळ. जेवणानंतर एक आई कोपऱ्यात गाठते आणि नेहमीचाच प्रश्न विचारते: माझ्यानंतर?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाची हमी १८व्या वर्षापर्यंतची आहे. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार जिल्ह्याची समिती कायदेशीर पालक नेमू शकते. तो कागद करून घ्या, असं मी सांगते. पण रोज सकाळी आंघोळ करून जायचं कुठे, हे त्या कागदावर नसतं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी आपल्या बालगृहातल्या १८ उलटलेल्या दिव्यांगांना बाहेर काढायचं नाही, हा हट्ट धरला आणि त्यांच्याच हातांनी माळावर झाडं वाढवली. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी ती बातमी इथे हिंदीत वाचून दाखवली होती. थोरल्यांनी विचारलं, झाडांना पाणी कोण घालतं?

१.३०
जुड्या बांधणं. वजनाचा काटा एकाच्याच ताब्यात असतो. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. जुड्या लहान-मोठ्या होतात, पण काटा खोटं बोलत नाही. पाहुणे येतात, फोटो काढतात, 'छान थेरपी आहे' म्हणतात. शनिवारी पाकीट हातात पडतं तेव्हा हे आठही जण त्याला मजुरीच म्हणतात. मला त्यांचा शब्द जास्त पटतो.

३.४५
शेवटचं पाणी. सगळे जीपमध्ये बसलेत, धाकटा नळी धरून वाटाण्याच्या वाफ्यापाशी उभा. ड्रायव्हर हॉर्न देतो. पुन्हा देतो.

"एक लाइन बाकी छै," धाकटा मागे न बघता म्हणतो.

ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि बिडी पेटवतो.