थाळी हीच मोटर

एलपी रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एका फेऱ्याला १.८ सेकंद. मोटरच्या हिशेबाने हा वेग फारच संथ, म्हणून जुन्या टर्नटेबलांत मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबरी चाक किंवा पट्टा घालून वेग उतरवत. रबर कडक होतं, पट्टा सैल पडतो. शिवाय मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या मोटरची थरथर म्हणजे सेकंदाला २५ कंपनं. ती कानाला ऐकू येते आणि गाण्याच्या तळाशी घरघरत राहते.

जपानच्या मात्सुशिता कंपनीतले अभियंते शुइची ओबाता यांनी मधली ही सगळी भानगडच काढून टाकली. त्यांचं टेक्निक्स एसपी-१० हे यंत्र १९७० च्या सुमारास बाजारात आलं, १९७२ मध्ये एसएल-१२००, आणि त्याच दशकाच्या अखेरीस त्याची एमके२ आवृत्ती. आज ‘बाराशे’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ही एमके२च येते. तिच्या थाळीच्या पोटाला चुंबक आहे आणि वेटोळी खाली पक्की बसवलेली आहेत. मोटरचा फिरणारा भाग म्हणजे थाळीच. तिच्या फेऱ्याची थरथर सेकंदाला जेमतेम अर्धं कंपन. ती कुणाच्याच कानाला लागत नाही.

वेग कायम राखण्याचं काम क्वार्ट्झच्या स्फटिकाकडे. थाळी किती वेगाने फिरते आहे याचा संकेत सर्किटकडे जातो, तो स्फटिकाच्या ठोक्याशी ताडून पाहिला जातो, आणि फरक दिसला की वेटोळ्यांतला प्रवाह कमी-जास्त होतो. त्यामुळे घरची वीज ५० हर्ट्झची की ६० ची, याने वेगात फरक पडत नाही. कडेच्या लाल दिव्यालाही हाच स्फटिक ताल देतो. वेगाची सरकपट्टी शून्यावर असताना थाळीच्या कडेवरच्या ठिपक्यांच्या चार ओळींतली मोठ्या ठिपक्यांची ओळ स्थिर दिसली पाहिजे. जुन्या निऑन दिव्यांचं गणित निराळं: ५० हर्ट्झवर दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ साठी १८० ठिपके लागतात, ६० हर्ट्झवर २१६. जपानच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ असल्याने तिथल्या कारखान्यांना हा हिशेब चुकवताच येत नव्हता.

जुनं यंत्र घरी आणलंत तर पिन सॉकेटमध्ये घालण्याआधी लेबल वाचा. जपानी बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. ते आपल्या २३० वर थेट लावलं तर काय होईल हे सांगायला नको. मग सुई पेलणारा आर्म तपासा. मागचं वजन फिरवून तो तराजूच्या दांडीसारखा तरंगता ठेवा आणि हलकी फुंकर मारा. तो अडखळला, किंवा बोटांत धरल्यावर खडखडला, तर बेअरिंग गेलं. माझ्या मते बाकी काहीही दुरुस्त होतं. हे एक मात्र फार महागात पडतं.

देखभाल थोडीच आहे. थाळी दोन्ही हातांनी सरळ वर उचला (चुंबक ओढतो, सोडताना आपटू देऊ नका) आणि मधल्या आसाला पातळ तेलाचे दोन-तीन थेंब द्या. सुमारे २,००० तासांनी एकदा दिलं तरी पुरतं. शिवणयंत्राला देतो तसं दर रविवारी तेल घालणाऱ्यांना आवरावं लागतं. वेगाची सरकपट्टी धुळीने अडते. काँटॅक्ट क्लीनर मारून ती पुष्कळदा पुढे-मागे केली की मोकळी होते. चाळीस वर्षांचे कपॅसिटर मात्र सुकलेले असू शकतात. ठिपके स्थिर न राहता पुढे-मागे डोलू लागले तर आधी संशय पॉवर सप्लायचा. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो, म्हणून हे काम जाणकाराकडेच द्यावं.

फेरफार करणाऱ्यांचा उत्साह दांडगा असतो. ट्रान्सफॉर्मर बाहेर काढतात, आर्ममधली तार बदलतात, पाय बदलतात. मला यातला एकच बदल सगळ्यांना सांगावासा वाटतो: मूळची जोडलेली केबल काढून तिथे आरसीए सॉकेट बसवणं. केबल मुळाशी वाकून वाकून तुटते आणि मग एक बाजू मुकी होते. अर्थिंगची बारीक तार अँप्लिफायरला जोडायला विसरलात तर घुंsss असा आवाज येतो, आणि त्याचा दोष बिचाऱ्या मोटरवर जातो.

सुईची जागा ठरवायला फूटपट्टी पुरते: आर्मच्या टोकाच्या हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर.

आजोबांच्या पेटीतल्या बालगंधर्वांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी लावायच्या असतील तर गाडी इथे अडते. एमके२ मध्ये ३३ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. एसपी-१० च्या एमके२ मध्ये ७८ मिळतो. पण वेग मिळाला म्हणून एलपीची सुई त्या खाचेत घालू नये. ७८ च्या खाचेला जवळजवळ चौपट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई तळाच्या कचऱ्यात घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते.