पानाने दिलेली साक्ष

सांगोल्याकडच्या एका बागेतली डाळिंबाची पाने कागदी पिशवीतून आली. बागायतदार स्वतःच घेऊन आले होते. "ताई, फवारून फवारून दमलो. ह्यो तेल्या न्हाई, कायतरी नवंच आलंय."

डागाचा मेलेला मधला भाग कामाचा नसतो. हिरव्याला लागून असलेली तेलकट कड ब्लेडने कापली आणि काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कडेतून धुरासारखा लोट निघू लागला. लोट निघाला म्हणजे जिवाणू, तेही लाखोंनी. इतकी वर्षे पाहतेय, तरी तो दिसला की पोटात गोळा येतो.

दुसरा तुकडा हायपोक्लोराइटमध्ये बुडवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतला, ठेचला आणि लूपने माध्यमावर रेघोट्या ओढल्या. तिसऱ्या दिवशी फिकट पिवळ्या, चकचकीत वसाहती उगवल्या. झँथोमोनास. ग्रीकमध्ये 'झँथोस' म्हणजे पिवळा.

पूर्वी पीक नवे की जिवाणूची प्रजातीही नवी, अशीच रीत होती. आंब्यावरच्या जिवाणूला पटेल, मोनीझ आणि कुलकर्णी यांनी १९४८ साली स्वतंत्र नाव दिले. डाळिंबावरच्या तेल्या रोगाची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीतून झाली. हिंगोरानी आणि सिंग यांनी १९५९ साली त्याच्या जिवाणूला झँथोमोनास प्युनिसी म्हटले. हातात होती तेवढ्या साधनांनिशी त्यांनी केलेले ते काम मला फार मोठे वाटते. पुढे जनुकसंच वाचता येऊ लागला आणि लिंबावरचा खैऱ्या, आंब्यावरचे काळे डाग आणि डाळिंबावरचा तेल्या हे तिन्ही एकाच प्रजातीत आले: झँथोमोनास सिट्री. कोण कुठल्या झाडावर रोग आणतो, एवढ्यावरून त्यांचे पॅथोव्हार वेगळे.

म्हणून नवे म्हणायची घाई करायची नाही. १६एस हे सुमारे १,५०० अक्षरांचे जनुक इथे पुरत नाही; या कुळातल्या भावंडांमध्ये ते जवळपास सारखेच असते. सुमारे ५० लाख अक्षरांचा अख्खा जनुकसंच वाचून ज्ञात प्रजातींशी ताडायचा. सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेले, तरच नव्या प्रजातीची भाषा. तेव्हाही जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवल्याशिवाय नाव ग्राह्य धरले जात नाही.

तरी रोग याच जिवाणूने केला, हे संगणक सांगू शकत नाही. ते झाडालाच विचारावे लागते. वसाहती पाण्यात कालवून ते मिश्रण निरोगी डाळिंबाच्या रोपांवर फवारले, लिंबाच्या रोपावरही फवारले. काही रोपांवर नुसते पाणी. वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या, आत दमट हवा. रोज सकाळी आल्याआल्या पाने उजेडाकडे धरून पाहायची. नवव्या दिवशी डाळिंबाच्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे ओलसर ठिपके आले. लिंब स्वच्छ, पाण्याची रोपेही स्वच्छ. त्या ठिपक्यांतून पुन्हा तीच पिवळी वसाहत वाढवली तेव्हा वर्तुळ पुरे झाले.

जनुकसंचातले साम्य ९६ च्या कितीतरी वर निघाले. जुनाच तेल्या.

फोनवर बागायतदार क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आसू दे. फांदी कुठनं कापू, तेवढं सांगा."

"डागाच्या दोन इंच खालून. आणि कापलेलं बागेत ठेवू नका, जाळून टाका."

"आजच लागतो," ते म्हणाले.