गोविंदाच्या अंगावरचा पट्टा

श्रावण वद्य नवमीस गोपाळकाल्याचे थर रचले जाऊ लागले की आमची दृष्टी हंडीआधी सर्वांत वरच्या गोविंदाच्या हार्नेसकडे जाते. चौदा वर्षांखालील मुले थरांत नसतील, अशी हमी राज्य शासनाने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दिली. पण चौदाव्या वर्षीही देह कोवळाच. अरुंद कमरेचा मुलगा उलटा झाला तर नुसत्या कमरपट्ट्यातून निसटू शकतो. त्यास खांदे, छाती व मांड्या धरणारा पूर्ण हार्नेसच हवा. वरचा दोरही ढिला राहू नये. मूल चढेल तसा तो ओढून घेत राहावा.

काल्याचे पोहे आदल्या दिवशी निवडून ठेवणारी आपली घरे! मग माळ्यावर वर्षभर पडलेला पट्टा ऐनवेळी का काढावा? उन्हाने, बॅटरीच्या आम्लाने नायलॉन कमजोर होतो आणि पुष्कळदा वरून कळतही नाही. शिवणीवरून बोट फिरवावे, बकल ओढून पाहावे. दह्यापाण्याने भिजलेला पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीतच वाळवावा. जोराचा हिसका सोसलेला पट्टा मात्र, नवा दिसला तरी, कापूनच टाकावा. म्हणजे दुसऱ्या पथकातील मुलाच्या अंगावर तो चढणार नाही.