छातीवरचं कोडं

वीसेक वर्षांपूर्वी माझा भाचा अमेरिकेहून सुटीवर आला, तो अंगात एक काळा टी-शर्ट घालून. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं : जगात फक्त १० प्रकारची माणसं असतात, बायनरी कळणारी आणि न कळणारी. चहा घेता घेता मी ते दोनदा वाचलं. प्रकार तर दोनच. उरलेले आठ कुठे गेले? बँकेतल्या माणसाला बेरीज जुळली नाही की चैन पडत नाही. म्हटलं, ‘अरे, छापणाऱ्यानं घोळ घातलाय.’ भाचा हसला. ‘मामा, तुम्ही दुसऱ्या प्रकारातले!’

मग त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं. संगणकाच्या मोजणीत शून्य आणि एक हे दोनच अंक. एकापाशी अंक संपतात, म्हणून ‘दोन’ लिहायचे तर एकावर शून्य. म्हणजे ‘१०’ हे दहा नव्हेतच, दोन आहेत. मला हसू आलं, पण जरा उशिरा. चारचौघांत आपल्यालाच विनोद कळला नाही याची बोच काही वेगळीच असते.

तो शर्ट ‘थिंकगीक’ नावाच्या दुकानातला होता. १९९९ साली उत्तर व्हर्जिनियात इंटरनेट जोडण्या पुरवणाऱ्या चौघांनी ते जोडधंदा म्हणून काढलं. सगळी विक्री इंटरनेटवर. ‘गीक’ हा शब्द मुळात शिवीच. अमेरिकेतल्या जत्रेत जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणाऱ्याला गीक म्हणत. पुढे वर्गातल्या घुम्या, यंत्रांत रमणाऱ्या पोरांना तो चिकटला. ‘हॅकर’चं उलट झालं. एमआयटीत खेळण्यातल्या आगगाड्यांचा क्लब होता, तिथली मुलं नामी युक्तीला ‘हॅक’ म्हणत. लोकांनी पुढे हॅकर म्हणजे चोर ठरवून टाकला. हे दोन्ही शब्द या मंडळींनी छातीवर मिरवायला घेतले. ‘नाही, मी तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करून देणार नाही’ असा एक शर्ट होता. ज्या घरात संगणक शिकलेला मुलगा आहे आणि ज्याला मावश्या-आत्या भरपूर आहेत, त्या घरात हे वाक्य समजावून सांगायला नको.

पण संगणकवाल्यांचे सगळेच शर्ट असे गमतीचे नव्हते, आणि खरं तर ही हकीकत मी ज्यासाठी लिहायला घेतली तो शर्ट थिंकगीकच्याही आधीचा. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी निरोप गुप्त लिपीत घालण्याची एक गणिती रीत काढली, आरएसए. १९९५ मध्ये ॲडम बॅक नावाच्या ब्रिटिश तरुणानं ती रीत संगणकाच्या भाषेत मूठभर ओळींत बसवली आणि त्या ओळी टी-शर्टवर छापल्या गेल्या. त्या काळी अमेरिकेच्या कायद्यात मजबूत गुप्तलेखन हे युद्धसामग्रीत मोडे. परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेणं गुन्हा. म्हणून शर्टावरच इशारा छापला : हा शर्ट युद्धसामग्री आहे, तो परदेशी माणसाला दाखवू नये.

हे कळल्यावर मला आमचं कोडबुक आठवलं. मी नोकरीला लागलो तेव्हा एका शाखेतून दुसऱ्या शाखेत तारेनं पैसे जात, टीटी म्हणायचे त्याला. तारेत रकमेबरोबर एक गुप्त आकडा घालायचा. तारखेचे इतके, रकमेचे इतके, शाखेचे इतके अशी कोडबुकात पाहून बेरीज करायची. पलीकडे बेरीज जुळली तर पैसे, नाही तर नाही. एकदा मी एकानं चुकलो आणि एका शेतकऱ्यानं मुलाच्या कॉलेजसाठी पाठवलेली फी चार दिवस अडकली. तो रोज सकाळी येऊन काउंटरसमोर उभा राही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. ते पुस्तक तिजोरीत असे, कारण आमची अख्खी रीतच गुप्त होती. पुस्तक कुणाच्या हाती पडलं की सगळं संपलं.

आरएसएचं तसं नाही. तिथे रीत उघडी, किल्ली तेवढी गुप्त. कुलूप कसं बनतं हे गावभर सांगा, हवं तर शर्टावर छापा, ज्याच्या त्याच्या किल्लीला धक्का लागत नाही. सरकार मात्र रीतीवरच पहारा ठेवून बसलं होतं. अखेर १९९६ च्या शेवटी गुप्तलेखनाचा बराचसा व्यापारी माल युद्धसामग्रीच्या यादीतून निघाला, २००० मध्ये निर्यातही पुष्कळ सैल झाली.

आमच्या कोडबुकासारखं झालं ते डीव्हीडीवाल्यांचं. १९९९ मध्ये त्यांचं कुलूप उघडणारी आज्ञावली बाहेर आली. त्यात हात असलेला नॉर्वेचा यॉन योहान्सेन तेव्हा १५ वर्षांचा होता. ‘कॉपीलेफ्ट’ नावाच्या कंपनीनं २००० साली ती आज्ञावली शर्टावर छापली, तर तिलाही कॅलिफोर्नियातल्या दाव्यात ओढलं. कापडावर छापलेल्या ओळी हे भाषण की हत्यार, यावर वकिलांनी डोकी शिणवली. योहान्सेन २००३ मध्ये निर्दोष सुटला; २००४ मध्ये कॅलिफोर्नियातला दावाही मागे घेतला गेला.

थिंकगीकचा पुढचा हिशेब बँकवाल्यानं वाचावा असा आहे. दुकान ज्या ‘व्हीए लिनक्स’च्या पदरात पडलं, त्या कंपनीचा शेअर डिसेंबर १९९९ मध्ये ३० डॉलरला विकला गेला आणि पहिल्याच दिवशी २३९ वर बंद झाला. मग फुगा फुटला. कंपनीनं संगणक बनवणं सोडलं, नावं बदलली, २०१२ मध्ये उरलेली संकेतस्थळंही विकली. शिल्लक राहिलं ते शर्टांचं दुकान! २०१५ मध्ये ‘गेमस्टॉप’नं ते सुमारे १४ कोटी डॉलरला घेतलं आणि २०१९ च्या जुलैत त्याची वेगळी पेढी मिटवली. कंपन्यांची गणितं मला कधी नीट कळली नाहीत, आणि मी कर्जविभागात होतो.

परवा लक्ष्मी रस्त्यावर फुटपाथवर तोच ‘१० प्रकारची माणसं’वाला शर्ट टांगलेला दिसला. विक्रेत्या पोराला विचारलं, ‘याचा अर्थ माहीत आहे का?’ तो म्हणाला, ‘काका, कॉलेजची पोरं नेतात.’ मी त्याच्या बिलबुकाच्या पाठीवर लिहून दाखवलं : शून्य, एक, मग एकावर शून्य. त्यानं क्षणभर पाहिलं, हसला, आणि शेजारच्या गाडीवाल्याला हाक मारून म्हणाला, ‘ए, इकडे ये, तुला एक गंमत दाखवतो.’