हर्णेत चांगली सुरमई मातीमोल जात नाही, मग ऑनलाइन लिलावात जुनं पेन का जातं?

दापोली तालुक्यातलं हर्णे बंदर. संध्याकाळी होड्या किनाऱ्यापासून दूर थांबतात, बैलगाड्या पाण्यात उतरून मासळी आणतात आणि वाळूवर बोली सुरू होते. माल ताजा की शिळा, ते सगळ्यांना दिसतं. त्यामुळे चांगल्या मालाला भाव मिळतोच.

ऑनलाइन लिलावात माल दिसतो तो फोटोतून आणि विक्रेत्याच्या चार शब्दांतून. आजोबांच्या कपाटातलं पेन विकणाऱ्याला ते नेमकं कोणतं, हे बऱ्याचदा ठाऊकच नसतं. संग्राहकांना स्वस्तात पेन मिळतं ते इथेच.

नजर कुठे चुकते?

पहिली जागा स्पेलिंगची. ‘पार्कर’मधल्या ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला की पेनाचं आडनाव थेट कोकणातलं ‘पारकर’ होतं आणि नेहमीच्या सर्चमध्ये ते सापडेलच असं नाही. म्हणून चुकीचं स्पेलिंग टाकूनही शोधा.

दुसरी जागा ‘जुनी पेनं, १० नग’ अशा लॉटची. फोटो मोठा करून क्लिप आणि टोपण बघा. बाणाची क्लिप पार्करची, पांढरा ठिपका शेफरचा, टोपणावरचा पांढरा तारा माँ ब्लाँचा.

स्वस्त की फसवं?

१९४१ साली आलेल्या ‘पार्कर ५१’ची निब जवळपास पूर्ण झाकलेली असते. चिनी ‘हीरो ६१६’ अगदी तसंच दिसतं, पण किमतीत मोठा फरक. त्यामुळे टोपणावरच्या किंवा दांड्यावरच्या कोरीव अक्षरांचा जवळून काढलेला फोटो मागा. तडा, वाळलेलं रबर, वाकलेली निब यांबद्दलही विचारा. दुरुस्तीचा खर्च धरला की ‘स्वस्त’ पेन महाग पडू शकतं.

‘दुर्मिळ’ या शब्दालाही भुलू नका. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनची पेनं पुढे घरोघरी होती. आठवणींचं मोल मोठं असतं, पण जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे.

बोली कशी लावायची?

अनेक साइटवर कमाल रक्कम आधीच भरता येते. समजा तुमची कमाल २,००० रुपये, दुसऱ्याची ८०० आणि वाढीचा टप्पा ५० रुपयांचा. मग तुम्हाला पेन ८५० रुपयांना मिळतं. जाणकार शेवटच्या काही सेकंदांत बोली लावतात, कारण आधीची बोली इतरांना सावध करते. परदेशातून घेताना टपालखर्च आणि सीमाशुल्क वजा करूनच आपली कमाल रक्कम ठरवा आणि नंतर ती वाढवू नका.

आता हेच उलट्या बाजूने बघा. एकाला मिळालेली स्वस्ताई म्हणजे दुसऱ्याच्या घरातून कमी भावात गेलेली वस्तू. तेव्हा आजोबांचं पेन विकायला काढण्याआधी त्यावरची अक्षरं भिंगाखाली एकदा वाचा.